दोन आवाजांची बाई

फळ्याशेजारच्या खिळ्याला लटकणारं फडकं नवसीनं काढलं, झटकलं आणि डाव्या खांद्यावरून पुढं घेऊन कमरेला खोचलं, तेव्हासुद्धा दमयंतीच्या काही लक्षात आलं नाही. शनिवारचा शेवटचा तास होता. सकाळची शाळा, उन्हं व्हरांड्यातून आत सरकलेली, मुलं चुळबुळ करणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पालघरला शिक्षकांचं शिबिर झालं होतं. मुलाचा विकास म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी नव्हे, मूल बोलतं झालं पाहिजे, चारचौघांत न घाबरता उभं राहिलं पाहिजे, असं एका साहेबांनी तिथं पोटतिडकीनं सांगितलं होतं. बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत होते. दमयंतीनं ते मनावर घेतलं. जूनपासून तिसरीच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास तिनं मोकळा ठेवला. ज्याला वाटेल त्यानं पुढं यावं आणि काय वाटेल ते करावं, गोष्ट, गाणं, नक्कल, काहीही. पुढं यायची ती सरावली गावात राहणाऱ्या कारखाना-कामगारांची मुलं. वैजयंती नेहमीची एकच कविता हातवारे करून म्हणायची, कुणी सिनेमातल्या मारामारीचे आवाज काढायचा. गावाबाहेरच्या आदिवासी पाड्यावरची मुलं मागच्या सतरंजीवर खिडकीला टेकून बसायची आणि बघायची. नवसी तर दोन वर्षांत वर्गात बोललीच नव्हती. दुसरीपासून हा वर्ग दमयंतीकडंच होता. पहिलीच्या बाईंनी नवसी तिच्या हवाली करताना सांगितलं होतं, ‘मुकी नाही, पण तशीच धरून चाला.’ आणि आज ती न बोलावता उठून पुढं आली होती. दमयंतीला इतका आनंद झाला की ती खुर्चीत पुढं सरकून बसली.

नवसीनं टेबलावरची पट्टी उचलली. खोचलेला पदर पुन्हा एकदा चाचपला, मान जराशी कलती केली आणि पुढच्या रांगेतल्या वैजयंतीकडं पाहून अगदी मधाळ आवाजात म्हणाली, “हं बाळ, सांग पाहू. घाई नाही हं. आठव, आठव.” वर्गात खसखस पिकली. आवाज हुबेहूब होता. शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा, गालातल्या गालात हसणारा. दमयंतीसुद्धा हसली. मग नवसीनं मान सरळ केली, दाराकडं एक नजर टाकली, पट्टीचं टोक मागच्या सतरंजीकडं रोखलं आणि जिवल्याला म्हणाली, “ए! ऊठ. नीट उभा राहा. तोंड आहे का नाही?” हाही आवाज हुबेहूब होता. खालच्या पट्टीतला, कोरडा, गुरं हाकताना काढतात तसा. जिवल्या बिचारा खरंच उठून उभा राहिला. मुलं गडबडा लोळली. सगळ्यात जास्त हसत होती ती मागच्या सतरंजीवरची मुलं. दमयंतीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, उतरवायला हवं हेही तिला सुचलं नाही. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ए, पुरे. बस खाली.” शब्द बाहेर पडले तसे तिला ते ऐकू आले. वर्गालाही ऐकू आले. असा काही हशा उसळला की शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापक खंडेराव गुरुजी डोकावले. नवसी मात्र हसली नाही. ती बाईंच्या तोंडाकडं बघत उभी होती. मग तिनं फडकं काढून खिळ्याला अडकवलं, पट्टी टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर दमयंती एरवी बाजारातून भाजी घेऊन जायची. त्या दिवशी चिंचणीहून आलेल्या भाजीवालीपुढं ती उभी राहिली, वांगी हातात घेतली, परत ठेवली. “काय गो बाय, चांगली नाय का?” भाजीवालीनं विचारलं. “चांगली आहेत,” दमयंती म्हणाली आणि आपण हे कुठल्या आवाजात म्हणालो ते ऐकू लागली. तो तिसराच होता. कारखान्यांच्या बाजूनं वारा आला की सरावलीवर एक आंबटसर वास उतरायचा. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला त्या वासानं जेवण जायचं नाही. आता तो नसला तरच चुकल्यासारखं वाटायचं. एखादी गोष्ट सतत असली की ती नाहीशी होते, असं तिच्या मनात आलं, आणि मग लगेच आलं, तसंच ते ‘ए’. ते कधीपासून होतं? नोकरीच्या पहिल्या वर्षी तर ती पाड्यावरच्या मुलांची नखं कापायची, केसांना तेल लावायची. तिथल्या बायका तिला हसून ‘आमची बाय’ म्हणायच्या. त्या वेळीही तोंडात ‘ए’च होतं का? तेल लावताना आपण काय बोलत होतो ते आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. तेलाचा वास आठवला, उन्हानं भुरकट झालेले केस आठवले, आवाज काही आठवला नाही. आपला आवाज आपल्याला आठवत नाही, दुसऱ्यांना आठवतो, हे तिला भर रस्त्यात इतकं विचित्र वाटलं की मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी ती बाजूला झाली नाही.

घरी तिचा नवरा चंद्रभान रात्रपाळी करून झोपला होता, तो नुकताच उठून चहा करत होता. तो इथं एका कारखान्यात फिटर होता. दमयंतीसारखाच खानदेशातला, मोजकं बोलणारा, सरळ माणूस. तिनं त्याला झालं ते सांगितलं. सांगताना तिनं नवसीची नक्कल करायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमेना. म्हणजे स्वतःचीच नक्कल जमेना. चंद्रभान हसला. “पोरगी हुशार आहे मग. त्यात तू एवढं काय मनाला लावून घेतेस? आमचा सुपरवायझर साहेबाशी एक बोलतो, आमच्याशी एक बोलतो, हेल्परशी तर नुसती मान हलवतो. जग असंच आहे.” “पण ती लहान मुलं आहेत,” दमयंती म्हणाली. “लहान आहेत म्हणून तर विसरतील,” असं म्हणून त्यानं तिच्यापुढं चहाचा कप सरकवला. त्याचं म्हणणं समजूतदारपणाचं होतं आणि तिला ते मुळीच पटलं नाही. त्यांची मुलगी उषा खाटेवर पालथी पडून चित्र रंगवत होती. ती बोईसरच्या दुसऱ्या शाळेत जायची. दमयंती तिच्याजवळ बसली. उगाच तिच्या वेणीची रिबीन सारखी करत म्हणाली, “उषा, मी कशी बोलते गं?” उषानं मान वर न करता विचारलं, “कुणाशी?”

त्या एका शब्दानं दमयंतीचा रविवार नासला. कपडे धुताना, भाकरी थापताना, चंद्रभानच्या डब्याला फडकं गुंडाळताना तो शब्द कानात वाजत राहिला. कुणाशी? म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असणार. आणि मग तिला आपलं गाव आठवलं, गिरणेच्या काठचं, आणि तिथली मातीच्या भिंतींची शाळा. पहिलीत गुरुजींनी पाढा विचारला होता आणि ती म्हणाली होती, “माले येत नही.” घरी सगळे असंच बोलत. आई इंदुबाई असंच बोले, वडील, गोठ्यातला गडी, सगळेच. गुरुजींनी ते तीन शब्द लांबवून, नाक दाबून, वर्गाला म्हणून दाखवले. “माऽऽले येत नऽऽही!” मुलं हसली. त्यांच्या घरीही तेच बोलत होते, तरी हसली. त्या दिवसापासून दमयंती आधी मनात बोलायची, मग ते पुस्तकातल्या भाषेत फिरवून घ्यायची आणि मगच तोंड उघडायची. याला वेळ लागायचा म्हणून लोक तिला शांत, विचारी म्हणू लागले. पुढं फिरवून घेणं इतकं झरझर होऊ लागलं की ते होतंय हेही कळेनासं झालं. अध्यापक विद्यालयात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा इंदुबाई मुद्दाम गावाहून आली होती, नवं लुगडं नेसून, मागच्या बाकावर अंग चोरून बसली होती. भाषण झाल्यावर बाहेर झाडाखाली तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “भारी बोलनी तू. पन ते कोन बोली राहिनं व्हतं वं?” ‘बोलत होतं ते कोण?’ या प्रश्नावर दमयंतीला तेव्हा आईच्या अडाणीपणाचं हसू आलं होतं. आता धुण्याच्या दगडाशी उकिडवी बसलेली असताना तिला वाटलं, आईनं ते हसण्यावारी विचारलंच नव्हतं. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं. आणि आता ते द्यायला आई राहिली नव्हती.

सोमवारी वर्गात गेल्यावर तिनं ठरवून सगळ्यांशी मऊ आवाजात बोलायला सुरुवात केली. जमुनाला म्हणाली, “हं बाळ, तू वाच.” जमुनानं वळून मागं पाहिलं, बाळ म्हणजे दुसरं कुणीतरी असणार. मागं भिंत होती. मग ती उठली, पुस्तक उलटं धरून उभी राहिली आणि रडायच्या बेतात आली. दुपारच्या सुट्टीत जिवल्या टेबलाजवळ घुटमळला आणि कुणीतरी विचारायला पाठवल्यासारखा विचारून गेला, “बाई, तू आजारी हायस का?” दमयंतीला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. ती जे काही बोले ते तिला स्वतःलाच खोटं वाटू लागलं. वाक्य तोंडाशी येऊन थांबायचं, हे कुठल्या आवाजातलं, कुणासाठीचं, आणि तोवर मुलं आपापसात बोलायला लागायची. दोन दिवसांत वर्गाचा बाजार झाला. खंडेराव गुरुजी दारात येऊन म्हणाले, “काय दमयंतीबाई, मौनव्रत धरलंय का?” ते निवृत्तीला आलेले, मायाळू, फक्त तपासणीला घाबरणारे गृहस्थ होते. आणि या सगळ्यात मागच्या सतरंजीवरची नवसीची जागा रिकामी होती. सोमवारी रिकामी होती, मंगळवारी होती, नंतरही राहिली.

तिनं जमुनाला विचारलं. “ती नाय येणार,” जमुना म्हणाली. “का?” जमुनानं अंगठ्यानं जमीन उकरली. “तिला भ्या वाटतं. बाई मारील सांगते.” दमयंतीनं आजवर वर्गात कुणावर हात उचलला नव्हता. हे तिला जमुनाला सांगावंसं वाटलं. पण सांगून काय होणार होतं? मार खाल्ला नाही तरी माराची वाट बघत बसलेलं मूल तिनं दोन वर्षं आपल्यासमोर बसवलं होतं, आणि आपण त्याला मुकं म्हणत होतो. शाळा सुटल्यावर ती तशीच पाड्याकडं निघाली. भात कापून झालेल्या खाचरांच्या बांधावरून वाट होती. चपलेत धसकटं टोचत होती. काय बोलायचं ते ती वाटभर मनात जुळवत होती आणि जुळवलेलं सगळं शिबिरातल्या साहेबांसारखं वाटत होतं. नवसीचं घर शेवटचं, कुडाच्या भिंतींचं, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात नवसीची आई भागी भाताचा पेंढा बांधत होती आणि नवसी लहान भावाला कडेवर घेऊन दोरीवरचं फडकं ओढत होती. बाई दिसल्याबरोबर नवसी झोपडीच्या कोपऱ्याकडं सरकली. भागी उठून उभी राहिली. तिनं एकदा बाईकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि दमयंतीनं तोंड उघडायच्या आत दोन ढांगांत जाऊन नवसीच्या पाठीत एक सणसणीत रपाटा घातला. “काय केलास गो शाळंत? काय केलास? बाय घरी आली!” कडेवरचं पोर घाबरून रडू लागलं. भागीनं दुसऱ्यांदा हात उचलला.

“मारू नको वं माय, तिनं काय करेल नही!” दमयंती ओरडली. ओरडली ते काय ओरडली हे तिला नंतर कळलं. भागीचा हात वरच थांबला. ही भाषा तिच्या ओळखीची नव्हती, पण ओरडणं ओळखीचं होतं. दमयंतीनं पुढं होऊन तिचा हात धरला. तो हात कोरडा आणि मजबूत होता. “तिनं काही वाईट केलं नाही,” ती आता साध्या मराठीत, धापा टाकत म्हणाली. “ती वर्गात बोलली. पहिल्यांदा बोलली. म्हणून मी आले.” भागीला काही उमगेना. “बोलली? त्याच्यासाठी आलीस तू?” ती म्हणाली. पाड्यावर लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणत. “घरात तं दिसभर हिचा तोंड बंद नाय होत. कोंबडा होते, मुकादम होते, आजी होते. मी बोलते, गप बस, डोकं दुखतं.” नवसी कोपऱ्यात पाठ चोळत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रडं नव्हतं. ती बाईंच्या तोंडाकडं पुन्हा तशीच बघत होती, मघाचे शब्द तिथून परत निघतील की काय, अशी. दमयंतीला तिच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणायचं होतं. ‘माझं चुकलं’ म्हणायचं होतं बहुतेक. पण आठ वर्षांच्या पोरीला हे म्हणून ओझं तिच्याच डोक्यावर द्यायचं, असं तिच्या मनात आलं आणि ती इतकंच म्हणाली, “उद्या ये शाळेत.” नवसीनं आईकडं पाहिलं. भागी पेंढ्याकडं वळली होती. “सुकाला कोण सांभाळील?” कडेवरच्या पोराकडं बोट करत तिनं विचारलं. “मी जाते मजुरीला, हिचा बा बुधा जातो. चार दिस हायेत, मंग वीटभट्टीवर जायाचं. पोर संभाळायला हीच हाय मना.” दमयंती नवसीकडं वळून म्हणाली, “सुकाला घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी नवसी आली. कडेवर सुका, फ्रॉकच्या खिशात त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा. खंडेराव गुरुजींनी दमयंतीला व्हरांड्यात बोलावलं. “बाई, ही शाळा आहे का बालवाडी? उद्या साहेब आले तर मी काय उत्तर देऊ? आज एक पोर, उद्या सगळा पाडा येईल.” “येऊ द्या,” दमयंती म्हणाली. गुरुजींनी चष्मा काढला. “नाही, तुमची कळकळ मला समजते. पण शिस्त म्हणून काही असतं.” “गुरुजी, ते रडलं तर मी त्याला घेऊन बाहेर उभी राहीन आणि बाहेरून शिकवीन. साहेब आले तर माझं नाव सांगा. पण ती बसेल.” बोलून झाल्यावर तिला जाणवलं की हे वाक्य तिनं मनात फिरवून घेतलं नव्हतं. ते चांगलंही निघालं नव्हतं, जरा खरखरीतच होतं. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, “बघा बुवा,” आणि आपल्या वर्गात गेले. सुका रडला नाही. तो वैजयंतीच्या दप्तरातली रंगपेटी तोंडात घालत सबंध वर्गभर रांगला आणि शेवटी फळ्याखाली झोपला. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून मुलं आपोआप हळू चालू लागली, हळू बोलू लागली. दमयंतीही हळू बोलू लागली, झोपलेल्या पोरासाठी. मग आवाज कुठला, हे बघायला तिला सवडच राहिली नाही.

पण शनिवारी नवसी पुढं आली नाही. दमयंतीनं बोलावलं नाही, नुसतं पाहिलं. नवसीनं नकारार्थी मान हलवली. तास सुटल्यावर मुलं पळाली, ती सुकाला कडेवर घ्यायला मागं राहिली तेव्हा दमयंतीनं विचारलं, “तू परत करशील का गं नक्कल? माझीच कर हवं तर.” “नाय,” नवसी म्हणाली. “मी परत नाय करणार, बाई.” ‘आता नाही करणार’ असं चूक कबूल करताना म्हणतात, तसं ती म्हणाली. दोन वर्षांनी एक दार उघडलं होतं आणि ते आपल्याच तोंडच्या एका शब्दानं लागलं होतं. आता बाहेरून कितीही गोड हाका मारा. सोमवारी नवसी आली नाही, आणि या वेळी विचारायची गरजही नव्हती. पाड्यावरची निम्मी मुलं आली नव्हती. मुकादमाचा ट्रक पहाटे येऊन गेला होता. मागच्या सतरंजीवर जागा इतकी झाली की जिवल्या तिच्यावर आडवा पडला. “उठून बस रे,” दमयंती म्हणाली, आणि तो उठून बसला. “भट्टी कुठं आहे रे, ठाऊक आहे का?” “मनोरच्या पुढं,” जिवल्या म्हणाला. “नदीच्या अंगाला. माझा काका पन गेला.”

आठवडाभर ती घरात धड बसू शकली नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. उषाचा अभ्यास घेताना तिनं एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला आणि उषानं वैतागून पुस्तक मिटलं. “तुझ्या वर्गात आणखी पोरं आहेत,” चंद्रभान म्हणाला. “एकीच्या मागं कुठं कुठं जाशील? ते दरवर्षी जातात. तू काय दरवर्षी भट्ट्या हिंडणार?” “ठाऊक नाही,” ती म्हणाली. ते खरंच होतं. आपण नवसीसाठी जातोय का स्वतःसाठी, हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि हा विचार तिला माशीसारखा सतावत होता. तरी पुढच्या बुधवारी तिनं रजा टाकली. बोईसरहून पालघर, पालघरहून मनोर, दोन एसट्या. वाटेत खिडकीतून धूळ येत होती आणि ती मनात म्हणत होती, नवसी नसेलच, दुसरीकडं नेलं असेल, मग मी सुटले. मनोरला उतरून विचारत विचारत गेली. नदीकाठी विटांच्या लांबच लांब रांगा, धुराचा जड वास. भागी गुडघाभर चिखल तुडवत होती, पलीकडं नवसी सुकाला घेऊन बसली होती. भागीनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. “तू इथवर आलीस?” ती म्हणाली. या वेळी तिनं लेकीकडं रागानं पाहिलं नाही. तिनं दमयंतीला पाणी दिलं, आधी लोटा आपल्या पदरानं पुसून. इथून जवळ शाळा आहे, टेकाडावर कौलं दिसतात ती, हे दमयंतीनं वाटेतच विचारून घेतलं होतं; नवसीला तिथं पाठव, असं तिनं भागीला सांगितलं. “दुपारी सुकाला पाजायला घेऊन यायला पायजे,” भागीनं सांगितलं. “मुकादम ओरडला तं मी बघीन. जा गो.” नवसी सुकाला कडेवर मारून निघालीच होती.

टेकाडावरच्या शाळेतली बाई दमयंतीहून तरुण होती, टापटीप, दमलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. “बसवते मी,” ती म्हणाली. “दाखला नंतर पाठवा. पण ताई, ही पोरं टिकत नाहीत हो. आज येतात, उद्या नाहीत. बोलत तर अजिबातच नाहीत.” ती दमयंतीशी किती आदरानं, किती मोकळं बोलत होती! आणि मग ती दाराशी उभ्या नवसीकडं वळून म्हणाली, “ए, ये. तिकडं मागं बस.” दमयंतीच्या मानेवर कुणीतरी गार पाणी ओतावं तसं झालं. तिला वाटलं, हिचं तोंड दाबावं. मग वाटलं, हिला जवळ घेऊन सांगावं, की बाई गं, तुला ऐकू येत नाहीये. पण एका भेटीत एवढं सांगता येत नाही, आणि सांगितलं तर ही नवसीवरच राग काढेल. ती फक्त म्हणाली, “तिचं लवकर बोलणं होत नाही. थोडी वाट बघितली तर बोलते.” तरुण बाईनं मान डोलावली, आल्यागेल्या पाहुण्यांच्या सूचनांना डोलावतात तशी. दमयंती टेकाड उतरून रस्त्याला लागली. एसटी उभीच होती. ती चढली, खिडकीशी बसली. कंडक्टर खाली टपरीवर चहा पीत होता. झालं, तिनं स्वतःला सांगितलं, जेवढं करायचं तेवढं झालं. आणि कंडक्टरनं ग्लास ठेवला तशी ती उठली, माणसांच्या पायांतून वाट काढत खाली उतरली आणि पुन्हा टेकाड चढू लागली. परत जाऊन काय करणार होती हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शाळेच्या मागच्या बाजूला गजांची खिडकी होती. दमयंती तिच्या कडेला भिंतीला चिकटून उभी राहिली, चोरासारखी. आत नवसी मागच्या रांगेत उभी होती, सुका तिच्या पायाशी. “नाव काय तुझं?” ती बाई विचारत होती. सगळा वर्ग वळून बघत होता. नवसीची मान खाली. कुणीतरी फिसकन हसलं. “नाव विचारते मी. नाव नाही का तुला?” दमयंतीच्या हातांनी गज कधी धरले तिला कळलं नाही. नाव तिच्या जिभेवर होतं. एवढंसं नाव, बापाच्या नावासकट. नुसतं म्हटलं की त्या पोरीची सुटका होती, सगळ्यांचीच होती. तिनं ओठ उघडले आणि दातांनी खालचा ओठ चावून धरला. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, मग इंजिन सुरू झालं, मग तो आवाज वळणावर जाऊन बुजला. तरुण बाईनं खडू उचलला, ठेवला. तिलाही काय करावं सुचत नव्हतं बहुतेक. ती नुसती थांबली. सुकानं नवसीचा फ्रॉक ओढला. नवसीनं वाकून त्याला उचललं, कडेवर नीट बसवलं, त्याचं नाक आपल्या बाहीनं पुसलं, आणि मान वर करून म्हणाली, “नवसी बुधा. आनि हा सुका. आमी दोघा हाव.”

दमयंतीनं गज सोडले. तळव्यांना गंज लागला होता, तो तिनं पदराला पुसला आणि पुढची एसटी कधी आहे ते विचारायला ती टपरीकडं उतरू लागली.